तापलेला स्विच इशारा देतो. तो ऐकणारा कोण?

कापडाचे दुकान असो, बेकरी असो, चामड्याच्या वस्तूंचा कारखाना असो की यंत्रमागाची शेड असो, आज धंद्यातील पुष्कळशी कामे एका लहानशा पेटीतून जातात. बिलाचा संगणक, कार्ड घासण्याचे यंत्र, गोदामातील कॅमेरे, वरच्या मजल्यावर मालाचा साठा सांभाळणारा दुसरा संगणक, काही ठिकाणी संगणकावर चालणारी भरतकामाची यंत्रे, या सर्वांच्या वायरी शेवटी त्या पेटीत येऊन मिळतात. या पेटीला नेटवर्क स्विच म्हणतात. स्विच म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे भिंतीवरचे बटण येते. परंतु हा स्विच निराळा. एका यंत्राकडून आलेली माहिती नेमक्या दुसऱ्या यंत्राकडे पोहोचवणे हे त्याचे काम. टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी होते, तशी माहितीची वर्गवारी तो दर सेकंदाला हजारो वेळा करतो.

आमचे व्यापारी बांधव दुकानाच्या शटरला दोन कुलपे लावतात, तिजोरी भिंतीत बसवतात, मालाचा विमा उतरवतात. पण हा स्विच कुठे आहे, असे विचारले तर बहुतेकांना आठवावे लागते. तो पोटमाळ्यावर असतो, मीटरच्या फळीमागे असतो, नाहीतर कॅमेरेवाल्याने ठोकून दिलेल्या बंद पेटीत इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी असतो. तिथे हवा जात नाही. तो बंद पडला की मात्र एकाच वेळी बिल थांबते, कॅमेरे आंधळे होतात आणि गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळते. कारखान्यात तर कारागीर हात बांधून बसतात आणि रोजंदारीवाल्याची दिवसाची रोजी बुडते.

या लेखात आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच की, चांगला स्विच क्वचितच अचानक मरतो. बहुतेक वेळा तो आधी तापतो, आणि ज्या स्विचमध्ये तापमापक आहे तो तापल्याचा इशाराही देतो. तो इशारा कोणाकडे जाणार आणि मिळाल्यावर काय करायचे, हे आधी ठरवलेले नसते म्हणून नुकसान होते.

उष्णता येते कुठून?

स्विचच्या पोटात वर्गवारी करणारी मुख्य चिप असते. ती चालू असेपर्यंत तापते. वीज पुरवणारा भाग, म्हणजे पॉवर सप्लाय, तोही तापतो. तिसरा भाग अलीकडे फार वाढला आहे. कॅमेऱ्याला वेगळी विजेची वायर न ओढता नेटवर्कच्याच केबलमधून वीज देण्याची सोय असते, तिला पीओई म्हणतात. २००३ साली या पद्धतीचे पहिले प्रमाण ठरले तेव्हा एका पोर्टमधून १५.४ वॅट वीज देता येत असे. २००९ साली ही मर्यादा ३० वॅट झाली आणि २०१८ सालच्या प्रमाणात ती ९० वॅटपर्यंत गेली.

याचा साधा हिशेब पाहू. समजा, आठ कॅमेरे प्रत्येकी १० वॅट घेतात. म्हणजे बाहेर ८० वॅट गेले. पॉवर सप्लायची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर त्याला भिंतीतून सुमारे ९४ वॅट ओढावे लागतात. मधले १४ वॅट स्विचच्या पोटातच उष्णता होऊन राहतात, आणि स्विचची स्वतःची उष्णता त्यावर आणखी. शिवाय रात्री कॅमेऱ्यांचे अंधारात पाहणारे दिवे लागतात, तेव्हा त्यांची विजेची भूक वाढते. दुकान बंद, पंखे बंद, शटर खाली, आणि स्विचवर भार मात्र दिवसापेक्षा जास्त, अशी ही उलटी गंमत आहे.

यात आपल्या हवामानाची भर पडते. लहान स्विचवर बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस आणि मोठ्या स्विचवर ० ते ४५ अंश अशी मर्यादा लिहिलेली असते. ही मर्यादा स्विचच्या भोवतालच्या हवेची आहे. मालेगाव, भुसावळ, अकोला, चंद्रपूर येथे एप्रिल-मेमध्ये सावलीतलाच पारा अनेकदा ४३ ते ४५ च्या घरात असतो. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर तो त्याहून वर जातो आणि बंद पेटीत आणखी वर. म्हणजे कंपनीने दिलेली मर्यादा दुपारी बारा वाजताच ओलांडलेली असते. बेकरीत भट्टीच्या भिंतीला लागून पेटी ठोकली असेल तर उन्हाळ्याची वाट पाहण्याचीही गरज नाही.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमाग शेडमध्ये उष्णतेला सुताच्या बारीक तंतूंची साथ मिळते. हे तंतू पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर साचून नमद्यासारखा थर बनवतात. सुतारकामात लाकडाचा भुसा आणि बेकरीत पीठ हेच काम करते. पंखा फिरत असतो, पण हवा पुढे सरकत नाही.

दहा अंशांची किंमत

ताप थोडा वाढला तर काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील. दुरुस्तीचे काम करणारे आमचे कारागीर याचे उत्तर जाणतात. फुगलेला कंडेन्सर त्यांनी शेकडो वेळा काढून टाकलेला असतो. पॉवर सप्लायमधील या कंडेन्सरमध्ये एक द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो आणि कंडेन्सर निकामी होतो.

कंडेन्सरच्या अंगावर किंवा त्याच्या माहितीपत्रकात त्याचे आयुष्य दिलेले असते, उदाहरणार्थ १०५ अंशांवर २,००० तास. या क्षेत्रात एक ढोबळ नियम वापरतात. तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते, दहा अंशांनी चढले की निम्मे होते. या नियमाने ६५ अंशांवर तोच कंडेन्सर ३२,००० तास चालेल. स्विच रात्रंदिवस चालतो, म्हणून हे झाले साडेतीन वर्षांहून थोडे अधिक. ५५ अंशांवर ६४,००० तास, म्हणजे सात वर्षांहून अधिक. ४५ अंशांवर १,२८,००० तास, म्हणजे चौदा वर्षांपेक्षा जास्त. हा हिशेब पंचांगासारखा तिथीवार जुळणार नाही. परंतु दहा अंश वाचवणे म्हणजे भांडवल दुप्पट काळ टिकवणे, हे व्यापाऱ्याला समजण्यास तो पुरेसा आहे.

यात एक धोका असाही आहे की तापलेला स्विच प्रत्येक वेळी सरळ बंद पडत नाही. काही स्विच ठराविक तापमानानंतर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात. काही मात्र अर्धवट चालत राहतात. कॅमेऱ्याचे चित्र मधूनमधून जाते, बिलाचा संगणक अडखळतो, स्विच आपोआप पुन्हा सुरू होतो. दुकानदार इंटरनेटवाल्याला दोष देतो, इंटरनेटवाला केबल बदलतो, आणि संध्याकाळी हवा गार झाली की सर्व ठीक चालते. दुपारी येणारा आणि रात्री जाणारा बिघाड दिसला तर पहिला संशय उष्णतेचा घ्यावा.

स्विचच्या पोटातला तापमापक

ज्याच्याशी संगणकावरून बोलता येते आणि ज्याला हुकूम देता येतो, त्याला मॅनेज्ड स्विच म्हणतात. अशा बहुतेक मोठ्या स्विचमध्ये एक किंवा अधिक तापमापक बसवलेले असतात. ते वाचायचे कसे, हे कंपनीप्रमाणे बदलते. सिस्को कंपनीच्या कॅटॅलिस्ट जातीच्या अनेक स्विचवर 'शो एन्व्ह टेम्परेचर स्टेटस' ही आज्ञा इंग्रजीत टाइप केली की तापमान, सध्याची अवस्था आणि दोन मर्यादा दिसतात. अवस्था तीन आहेत. हिरवी म्हणजे ठीक. पिवळी म्हणजे इशारा, भोवतालची हवा तपासा. लाल म्हणजे संकट, यापुढे स्विच नीट चालेलच असे नाही. ज्युनिपरच्या स्विचवर 'शो चॅसिस एन्व्हायर्नमेंट' ही आज्ञा आहे. केबल इंटरनेटवाल्यांकडे दिसणाऱ्या मायक्रोटिकच्या पुष्कळ उपकरणांत 'सिस्टिम हेल्थ' या भागात तापमान आणि व्होल्टेज पाहायला मिळते.

आकडे वाचताना चार ठिकाणी गफलत होते, ती आम्ही मुद्दाम नोंदवतो.

पहिली गफलत. स्विच सांगतो ते तापमान त्याच्या पोटातले असते, खोलीतले नव्हे. आकडा ४८ दिसला म्हणून खोली ४८ अंशांवर आहे असे नाही. कंपनीने लिहिलेली ४५ अंशांची मर्यादा मात्र खोलीच्या हवेची असते. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहणे म्हणजे वजनाची तुलना मापाशी करणे होय.

दुसरी गफलत. एका स्विचमध्ये तीन-चार तापमापक असू शकतात. हवा आत येते तिथला आकडा कमी, बाहेर पडते तिथला जास्त, आणि मुख्य चिपजवळचा सर्वांत जास्त. चिपला ७५ अंश कदाचित रोजचे असतील. आत येणाऱ्या हवेला ४५ अंश ही गंभीर गोष्ट आहे. म्हणून कोणत्या तापमापकाचा आकडा आहे, हे आधी वाचावे.

तिसरी गफलत पिवळी मर्यादा ठरवताना होते. सिस्कोच्या वर सांगितलेल्या जातीत पिवळ्या मर्यादेसाठी आपण जो आकडा देतो, तो थेट तापमानाचा नसतो. लाल मर्यादेच्या किती अंश आधी इशारा हवा, तो फरक द्यायचा असतो. लाल मर्यादा ६६ असेल आणि इशारा ५१ वर हवा असेल, तर आकडा १५ द्यावा लागतो. जितका मोठा आकडा, तितका लवकर इशारा. हे ठाऊक नसलेला माणूस ५१ टाइप करतो आणि स्विच ते नाकारतो.

चौथी गफलत दशांशाची. संगणकाने आपोआप तापमान विचारण्याची जी प्रमाणपद्धत २००२ साली ठरली, तिच्यात आकडा आणि दशांशाची जागा वेगवेगळी पाठवली जाते. ४५२ आला आणि अचूकता एक दशांश असेल तर ते ४५.२ अंश समजायचे. काही वेळा तापमापकच बिघडलेला असतो आणि आकडा शून्य येतो किंवा महिनोन्‌महिने जराही हलत नाही. मे महिन्यात शून्य अंश दाखवणाऱ्या तापमापकाला शाबासकी देऊ नये. तो बदलण्याच्या लायकीचा आहे.

इशारा माणसापर्यंत पोहोचतो कसा?

इशाऱ्याचे चार मार्ग आहेत. सर्वांत साधा मार्ग स्विचवरचा दिवा. तो हिरव्याचा पिवळा किंवा लाल होतो. परंतु पोटमाळ्यावरचा दिवा कोण पाहतो?

दुसरा मार्ग नोंदवहीचा. स्विच स्वतःची रोजनिशी ठेवतो आणि ती दुसऱ्या संगणकाकडे पाठवू शकतो. याला सिसलॉग म्हणतात. तापमान मर्यादेबाहेर गेले, पंखा बंद पडला, अशा नोंदी तिच्यात येतात. पण या रोजनिशीत दिवसभरात शेकडो किरकोळ ओळी पडतात. त्यांतून कामाची ओळ गाळून काढली नाही तर ती गर्दीत हरवते.

तिसरा मार्ग हाक मारण्याचा. १९८८ पासून वापरात असलेली एसएनएमपी नावाची पद्धत आहे. तिच्यात मर्यादा ओलांडताच स्विच स्वतःहून संदेश पाठवतो. त्याला ट्रॅप म्हणतात. साधा ट्रॅप पावतीशिवाय पाठवलेल्या पार्सलसारखा असतो. वाटेत हरवला तर पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही. आणि स्विच अचानक बंद पडला तर हाक मारायला तो शिल्लकच राहत नाही.

म्हणून चौथा मार्ग लागतो, विचारपूस करण्याचा. एक संगणक दर पाच मिनिटांनी स्विचला तापमान विचारतो, उत्तर लिहून ठेवतो आणि आलेख काढतो. उत्तर आले नाही तर तेही कळते. यासाठी झॅबिक्स, नागिओस, लिबरेएनएमएस असे मोफत मिळणारे कार्यक्रम आहेत आणि ते जुन्या संगणकावरही चालतात. हाक आणि विचारपूस दोन्ही ठेवाव्यात. हाकेने बातमी लवकर कळते, विचारपुशीने इतिहास कळतो.

एसएनएमपी चालू करताना एक खबरदारी घ्यावी. जुन्या पद्धतीत परवलीचा शब्द बहुधा 'पब्लिक' असा कारखान्यातूनच भरलेला येतो. तो तसाच ठेवणे म्हणजे गल्ल्याची किल्ली गल्ल्यालाच लावून ठेवणे. तो बदलावा, किंवा तिसरी आवृत्ती वापरावी. तिच्यात ओळख पटवण्याची आणि मजकूर गुप्त ठेवण्याची सोय आहे.

किती अंशांवर जागे व्हावे?

कंपनीने घातलेली मर्यादा स्विच वाचवण्यासाठी असते, धंदा वाचवण्यासाठी नव्हे. ती ओलांडली जाईपर्यंत थांबलो तर हातात वेळ उरत नाही. म्हणून आपली मर्यादा आपण ठरवावी, आणि ती ठरवण्यासाठी दोन आकडे लिहून ठेवावेत : खोलीचे तापमान आणि स्विचचे तापमान. खरी माहिती या दोहोंच्या फरकात असते.

समजा, हिवाळ्यात खोली २७ अंशांवर असताना स्विच ४२ दाखवतो. फरक १५. मे महिन्यात खोली ४० असताना स्विच ५५ दाखवू लागला, तर घाबरण्यासारखे स्विचमध्ये काही नाही. फरक तोच आहे, खोली तापली आहे. उपाय खोलीवर करावा. परंतु खोली ३० अंशांवर असताना स्विच ५३ दाखवत असेल तर फरक २३ झाला. खोली गार आहे आणि स्विच आतून तापतो आहे. जाळी तुंबली, पंखा मंदावला, भार वाढला किंवा कोणी तरी स्विचवर खोका ठेवला, यांपैकी काहीतरी घडले आहे. नुसता ५३ हा आकडा पाहणाऱ्याला तो मे महिन्यातील ५५ पेक्षा बरा वाटेल. फरक पाहणाऱ्याला मात्र हा खरा आजार दिसेल. रोजमेळ लिहिणाऱ्या व्यापाऱ्याला ही रीत नवीन नाही. एकट्या विक्रीच्या आकड्यावरून तो नफा सांगत नाही.

तापमानाबरोबर पंख्याचा वेगही पाहावा. आजच्या अनेक स्विचमध्ये ताप वाढला की पंखा आपोआप जोरात फिरतो. त्यामुळे धूळ साचत जाते, पंख्याचा वेग चढत जातो, आणि तापमानाचा आकडा मात्र महिनोन्‌महिने जागचा हलत नाही. पंखा शेवटच्या वेगावर पोहोचला की त्याच्यापाशी पुढे काही शिल्लक नसते, आणि मग तापमान एकदम चढते. 'अचानक' तापला असे आपण म्हणतो, पण पंखा दोन महिने ओरडत होता. ज्युनिपरच्या स्विचमध्ये तर पंखा बिघडलेला असताना इशाऱ्याची मर्यादा वेगळी धरलेली असते, ती याच कारणाने.

आणखी एक लहान पण कामाची गोष्ट. इशारा ५० अंशांवर वाजावा असे ठरवले तर तो थांबण्याची मर्यादा ४७ ठेवावी. दोन्ही ५० ठेवल्या तर तापमान ४९ आणि ५० च्या मध्ये हेलकावत असताना रात्रभर संदेशांचा पाऊस पडतो. तिसऱ्या रात्री माणूस फोनचा आवाज बंद करतो, आणि नेमका चौथ्या रात्री खरा इशारा येतो.

इशारा आल्यावर काय करावे?

प्रथम खोली पाहावी. वातानुकूलन यंत्र बंद आहे का, दार-खिडकी लावली आहे का, शेजारी नवीन यंत्र आले आहे का? मग स्विचच्या तोंडाजवळ आणि पाठीशी हात धरावा. एका बाजूने हवा आत ओढली गेली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा बाहेर आली पाहिजे. काही स्विच पुढून हवा घेतात, काही मागून, काही कडेने. कडेने हवा घेणारा स्विच भिंतीला चिकटवून ठेवला किंवा एका स्विचची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडावर सोडली, तर पंखा कितीही जोरात फिरला तरी उपयोग नाही.

नंतर धूळ काढावी. शक्य असेल तर स्विच बंद करून जाळी ब्रशने साफ करावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने धरून ठेवावीत, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. पॉवर सप्लाय उघडण्याचे काम जाणत्या कारागिराचेच आहे. वीज काढल्यावरही कंडेन्सरमध्ये भार राहतो.

तातडीची वेळ असेल तर भार कमी करावा. बिनमहत्त्वाच्या कॅमेऱ्यांची पीओई वीज थोडा वेळ बंद करता येते. पेटीचे दार उघडून समोर टेबल पंखा लावणे हा कायमचा इलाज नाही, पण त्याने दुपार निभावते. बर्फाची लादी ठेवणे किंवा कूलरची ओली हवा थेट सोडणे टाळावे. पाण्याचे थेंब पडले तर तापापेक्षा मोठे नुकसान होईल.

ज्या स्विचला तापमापकच नाही

आमच्या बहुसंख्य वाचकांच्या दुकानात पाच किंवा आठ पोर्टचा साधा स्विच असेल. त्याला तापमापक नसतो, पंखा नसतो, आणि तो कोणाशी बोलतही नाही. त्यासाठी हे सारे वाचून काय उपयोग? उपयोग आहे. काही शे रुपयांत मिळणारा वायरचा डिजिटल तापमापक पेटीत अडकवावा आणि त्याचे तोंड काउंटरवर ठेवावे. पेटीतला आकडा ४० च्या पुढे गेला की पेटी चुकीच्या जागी आहे, असे समजावे.

पेटी छताजवळून काढून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर आणावी, कारण गरम हवा वर जाते. पेटीच्या खालच्या आणि वरच्या अंगाला भोके पाडावीत. गरम हवा वरून निघाली की गार हवा खालून आपोआप येते. स्विच, अॅडॅप्टर आणि इंटरनेटचा डबा एकावर एक रचू नयेत. इन्व्हर्टर वेगळ्या जागी ठेवावा. यंत्रमाग शेडमध्ये पेटीला बारीक जाळी लावावी आणि ती दर आठवड्याला झाडावी. न झाडलेली जाळी ही जाळी नसण्यापेक्षा वाईट. भट्टी किंवा पत्र्याखाली जागा बदलणे शक्यच नसेल तर कारखान्यांसाठी बनवलेला औद्योगिक स्विच घ्यावा. त्यांपैकी अनेक ७५ अंशांच्या हवेतही चालतात. किंमत जास्त आहे, पण दोन वर्षांत तीन स्विच बदलण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

मोठ्यांचीही गत तीच

हा लहान दुकानांचाच प्रश्न आहे असे कोणी समजू नये. जेथे हजारो स्विच आणि संगणक एका छताखाली चालतात, तेथे खोली तापली की सर्वच तापते. २०२२ सालच्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये उष्णतेची लाट आली. १९ जुलै रोजी लिंकनशायरमधील कॉनिंग्सबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली. त्या देशात पारा ४० च्या वर जाण्याचा तो पहिलाच दिवस. त्याच दिवशी लंडनमध्ये गूगल आणि ओरॅकल या कंपन्यांच्या संगणक केंद्रांतील शीतकरण कमी पडले आणि यंत्रे बंद करावी लागली. लंडनच्याच गाईज आणि सेंट थॉमस या सरकारी रुग्णालय-संस्थेची दोन्ही संगणक केंद्रे उष्णतेने बंद पडली. डॉक्टरांना कागदावर काम करावे लागले आणि व्यवस्था पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे गेले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, तिथल्या हवामान खात्याने अतिउष्णतेचा लाल इशारा चार दिवस आधी, १५ जुलैलाच दिला होता.

दुसरे उदाहरण सिंगापूरचे. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी तेथील एका संगणक केंद्रात सुधारणेचे काम चालू असताना गार पाण्याच्या टाक्यांच्या झडपा चुकीने बंद झाल्या. तापमान चढले आणि डीबीएस व सिटी या दोन बँकांचे व्यवहार कोलमडले. सुमारे २५ लाख देवघेवी पूर्ण होऊ शकल्या नाहीत, असे तेथील संसदेत सांगण्यात आले. त्यानंतर डीबीएस बँकेवर सहा महिने बिनगरजेचे संगणकीय बदल करण्यास बंदी आली.

या ठिकाणी तापमापकांची कमतरता नव्हती, पैशाचीही नव्हती. यंत्र किती तापले हे कळणे आणि ते गार करण्याचा दुसरा मार्ग तयार असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असून दुसरी नसेल, तर इशारा केवळ नुकसानीची वेळ सांगतो.

आमच्या तरुण कारागिरांसाठी काम

यात रोजगाराची एक बाजू आहे. वायरमन, मोबाइल दुरुस्तीवाले, कॅमेरे बसवणारे असे आमचे पुष्कळ तरुण स्विच बसवतात आणि पैसे घेऊन निघून जातात. तो स्विच पुढे कसा चालतो, हे पाहण्याचे काम कोणाचेच नसते. तेच काम वार्षिक देखभालीच्या कराराने घेता येते. करारात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : वर्षातून किती वेळा साफसफाई, त्यांतली एक मार्चअखेर, दर भेटीला खोली व स्विच या दोन्ही तापमानांची नोंद, तापमानाचा इशारा कोणाच्या फोनवर जाणार, आणि इशाऱ्यानंतर किती तासांत माणूस येणार. एका गल्लीतील वीस दुकाने मिळून एक संगणक विचारपुशीसाठी ठेवू शकतात आणि खर्च वाटून घेऊ शकतात.

दुकानदारांनीही ध्यानात ठेवावे की, अशा माणसाला 'काही बिघडले नाही, मग पैसे कशाचे?' असे विचारणे न्यायाचे नाही. बिघडले नाही, याचेच ते पैसे आहेत.

कारागिराने प्रत्येक पेटीच्या दाराला आतून एक कागद चिकटवावा. त्यावर तारीख, खोलीचे तापमान, स्विचचे तापमान, फरक, पंख्याची स्थिती आणि आपला फोन क्रमांक लिहावा. वर्षभरात सहा-सात ओळी होतील. ज्या ओळीत फरक एकदम पाच अंशांनी वाढलेला दिसेल, त्या दिवशी पंखा बदलून घ्यावा; पंखा स्विचपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. हा कागद आजच लावावा आणि पहिली ओळ उन्हाळा सुरू होण्यापूर्वी लिहावी, म्हणजे मे महिन्यातील आकडा कशाशी ताडून पाहायचा, हे ठाऊक असेल.